वतन ते विलायत : अल्जीरियाची माणसे आणि कारभारी नकाशा

अल्जीरियाचे क्षेत्रफळ २३,८१,७४१ चौरस किलोमीटर आहे. २०११ साली दक्षिण सुदान फुटून निघाला आणि आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश हा मान सुदानकडून अल्जीरियाकडे आला. या अफाट मुलखात वस्ती मात्र कमालीची विषम आहे. भूमध्य समुद्राला लागून असलेल्या डोंगराळ, सुपीक पट्ट्याला ‘तेल’ म्हणतात. हा पट्टा देशाच्या जेमतेम ४ टक्के जमिनीवर पसरला आहे, आणि २००८ च्या जनगणनेत सुमारे ६३ टक्के लोक तिथे राहत होते. तेलच्या दक्षिणेला गवताळ उंच पठारे लागतात : जमीन ९ टक्के, माणसे सुमारे २८ टक्के. उरलेली ८७ टक्के जमीन सहाराची. तिथे देशातल्या दर दहा-अकरा माणसांपैकी एकच राहतो.

या विषमतेला कारण पाऊस. तेलमध्ये गहू, द्राक्षे, ऑलिव्ह पिकतील इतके पाणी पडते. पठारांवर मेंढ्या जगतात. वाळवंटात जिथे पाणी वर येते किंवा काढता येते तिथेच खजुराच्या बागा आणि गावे उभी राहतात. त्यामुळे अल्जीरियावर राज्य करणाऱ्या प्रत्येक सत्तेपुढे एकच अडचण आली : माणसे एका कडेला दाटलेली आणि मुलूख मात्र दुसऱ्या दिशेला हजार-दीड हजार किलोमीटर पसरलेला. ही अडचण कोणी कर गोळा करण्यासाठी सोडवली, कोणी जमीन घेण्यासाठी, कोणी लढण्यासाठी, तर कोणी दवाखाना आणि कचेरी जवळ आणण्यासाठी. प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे रेषा ओढल्या आणि त्याच गरजेप्रमाणे माणसे मोजली.

तुर्की अमल : तीन बेलिक

रोमन काळातच या भूमीचे नुमिडिया आणि मॉरिटानिया असे प्रांत पडले होते. आजच्या सेतिफ शहराच्या नावात रोमन ‘सितिफिस’ शिल्लक आहे, तर जुन्या सिर्ता नगरीला सम्राट कॉन्स्टन्टाइनचे नाव मिळाले ते आजवर टिकले. पण आजच्या अल्जीरियाच्या पूर्व आणि पश्चिम सीमांचा ढोबळ आकार ठरला तो तुर्की अमलात. १५१६ मध्ये अरूज बार्बारोसाने अल्जिअर्स घेतले. त्याचा भाऊ खैरुद्दीन याने १५१९ च्या सुमारास ऑटोमन सुलतानाचे स्वामित्व मान्य केले. तिथून १८३० पर्यंत, तीन शतकांहून अधिक काळ, हा प्रदेश इस्तंबूलच्या नावाने आणि अल्जिअर्सच्या मर्जीने चालला. १६७१ पासून सत्ता ‘डे’ या पदाकडे गेली. हा तुर्की शब्द मूळचा ‘दायी’, म्हणजे मामा.

अल्जिअर्स शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख थेट डेच्या हाताखाली होता. त्याला ‘दार अस-सुलतान’ म्हणत. बाकी प्रदेशाचे तीन बेलिक होते आणि प्रत्येकावर एक बे. मेदेयाहून चालणारा तित्तेरी बेलिक सर्वांत लहान. पूर्वेकडचा सर्वांत मोठा आणि श्रीमंत. त्याची राजधानी कॉन्स्टन्टाइन. पश्चिमेकडच्या बेलिकची राजधानी मात्र हलती राहिली. ओरान बंदर बराच काळ स्पेनच्या ताब्यात असल्याने बे आधी माझूना आणि नंतर मास्कारा इथे बसत असे. १७९२ मध्ये स्पेनने ओरान कायमचे सोडले, तेव्हा राजधानी तिथे गेली.

बेलिकच्या खालच्या विभागाला ‘वतन’ म्हणत आणि त्यावर कायद नेमलेला असे. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही; एकाच अरबी मुळातून आलेला हा शब्द दख्खनमध्ये वंशपरंपरेने मिळालेला हक्क आणि इनाम असा वळला, अल्जीरियात तो कायदच्या हाताखालचा मुलूख झाला. दुसरा ओळखीचा शब्द ‘रयत’. अल्जीरियातल्या जमातींची कारभारी विभागणी दोन भागांत होती. ‘रयत’ जमाती कर भरत. ‘मखझन’ जमातींना बऱ्याच करांची माफी असे आणि त्याबदल्यात त्या घोडेस्वार पुरवून रयतेकडून कर वसूल करत. मखझन म्हणजे मुळात कोठार. सरकारी कोठार भरणाऱ्या जमातीही त्याच नावाने ओळखल्या गेल्या.

वसुलीची पद्धत मुलूखगिरीच्या जवळ जाणारी होती. ‘महल्ला’ नावाची फौज दर वर्षी ठरलेल्या वाटांनी निघे आणि धान्य, गुरे, रोकड घेऊन परते. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, बेचा नायब ही रक्कम अल्जिअर्सला पोचवी. दर तीन वर्षांनी बेला स्वतः जावे लागे. या फेरीला ‘दनूश’ म्हणत. पैसे, घोडे, गुलाम, उंची वस्त्रे घेऊन निघालेल्या बेचे शहराच्या वेशीवर वाजतगाजत स्वागत होई. नजराणा पसंत पडला तर त्याला मानाचा पोशाख मिळे, नाही तर पद जाई आणि कधी जीवही. बेलिकची मर्यादा अशी फौजेच्या वाटांवर आणि नजराण्याच्या वजनावर ठरत असे. काबिलियाच्या डोंगरांत आणि सहाराच्या आत ही फौज क्वचितच पोचे. काबिलियात गावाचा कारभार ‘ताजमात’ ही ग्रामसभा पाही आणि गावांवरचा गट म्हणजे ‘अर्श’. दक्षिणेत म्झाब खोऱ्यातली इबादी पंथाची पाच गावे आपल्या धर्मपंडितांच्या मंडळामार्फत आणि हग्गारचे तुआरेग आपल्या ‘अमेनोकाल’च्या हाताखाली चालत.

या अमलात डोकी मोजण्याची गरज पडली नाही. कर जमातीवर बसे, माणसावर नाही. म्हणून १८३० मधल्या लोकसंख्येचे आकडे अंदाजाचे आहेत. सर्वसाधारणपणे तीस लाखांच्या आसपासची संख्या धरली जाते.

अब्द अल-कादिरचा नकाशा

१४ जून १८३० ला फ्रेंच फौज सिदी फ्रेजच्या किनाऱ्यावर उतरली आणि ५ जुलैला अल्जिअर्स पडले. डे गेला, पण देश हाती आला नाही. पश्चिमेत १८३२ मध्ये तरुण अमीर अब्द अल-कादिर याच्या हाती जमातींनी नेतृत्व दिले. १८३७ च्या ताफना तहाने फ्रेंचांनी आतल्या मोठ्या प्रदेशावर त्याचा अधिकार मान्य केला. त्याने तुर्की बेलिक मोडून आठ ‘खलिफालिक’ केले. प्रत्येकावर खलिफा, त्याखाली आगा, त्याखाली कायद आणि शेवटी जमातीचा शेख अशी उतरंड होती. मखझन आणि रयत हा भेद त्याने काढला. धर्माने सांगितलेला कर सर्वांनी सारखा भरावा असा दंडक घातला. देशी सत्तेने आखलेला हा पहिला सुसंगत कारभारी नकाशा.

फ्रेंचांनी त्याची ठाणी एकामागून एक पाडली, तेव्हा त्याने राजधानीच चाकांवर, खरे तर उंटांवर घेतली. ‘स्माला’ नावाच्या या फिरत्या नगरीत तंबूंची वर्तुळे एकात एक मांडलेली असत. मधोमध अमीराचा तंबू, भोवती नातलग आणि अधिकारी, त्याबाहेर जमाती. कारागीर, बाजार, गुरेढोरे, ग्रंथसंग्रह असे सगळे बरोबर चाले आणि मुक्काम हलला तरी कोणाचा तंबू कुठे हे ठरलेले असे. १६ मे १८४३ ला फ्रेंच घोडदळाने स्माला गाठली आणि लुटली. १८४७ च्या डिसेंबरात अमीर शरण आला आणि त्याचे खलिफालिकही संपले.

तीन देपार्तमाँ आणि दोन प्रकारची गावे

‘अल्जीरिया’ हे नाव फ्रेंच सरकारी कागदात रूढ झाले ते १८३९ मध्ये. त्याआधी ‘उत्तर आफ्रिकेतली फ्रेंच ठाणी’ असा मोघम उल्लेख असे. शहराचे अरबी नाव ‘अल-जझाइर’, म्हणजे बेटे. त्याच नावाने आता सगळा देश ओळखला जाऊ लागला. १८४८ च्या फ्रेंच राज्यघटनेने अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग ठरवला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरच्या हुकुमाने अल्जिअर्स, ओरान आणि कॉन्स्टन्टाइन अशी तीन देपार्तमाँ, म्हणजे फ्रेंच धर्तीचे जिल्हे, निर्माण झाली. नाव नवे, पण मध्य, पश्चिम आणि पूर्व ही जुनी बेलिकांची त्रिधा विभागणी त्यात जशीच्या तशी दिसते. ही तीन देपार्तमाँ शंभर वर्षांहून अधिक टिकली.

कागदावर फ्रान्ससारखा असलेला हा कारभार जमिनीवर वेगळा होता. प्रत्येक देपार्तमाँत मुलकी आणि लष्करी असे दोन प्रदेश असत. लष्करी प्रदेशात १८४४ पासून ‘अरब कचेऱ्या’ चालत. अरबी जाणणारे फ्रेंच अधिकारी त्यांतून जमातींवर नजर ठेवत. गावाच्या पातळीवरही दोन प्रकार होते. युरोपी वसाहतवाल्यांची वस्ती जिथे दाट, तिथे निवडलेला महापौर आणि सभा असलेले पूर्णाधिकारी कम्यून. जिथे मुस्लिम बहुसंख्य आणि युरोपी मूठभर, तिथे ‘मिश्र कम्यून’. मिश्र कम्यूनचा विस्तार एखाद्या तालुक्यापेक्षाही मोठा असे. त्याचा प्रमुख सरकारने नेमलेला प्रशासक, आणि त्याच्या हाताखाली गावोगावचे कायद. महाराष्ट्रातल्या वाचकाला कलेक्टर आणि मामलेदार यांची उतरंड आठवेल. फरक असा की इथे शेजारच्याच पूर्णाधिकारी कम्यूनमध्ये युरोपी शेतकरी आपला महापौर मतदानाने निवडत होता.

जमाती मोडण्याचे काम कायद्याने झाले. २२ एप्रिल १८६३ च्या सिनेट-ठरावाने जमातींच्या जमिनी त्यांच्याच असल्याचे मान्य केले आणि त्याच वेळी प्रत्येक जमातीची हद्द मोजून तिचे ‘दुआर’ पाडण्याचे ठरवले. दुआर म्हणजे मुळात वर्तुळात मांडलेल्या तंबूंची वस्ती. आता तो कारभाराचा घटक झाला. एकाच जमातीची माणसे वेगवेगळ्या दुआरांत गेली, कधी दोन जमातींचे तुकडे एका दुआरात आले. नातेसंबंधांची जागा सीमारेषेने घेतली. १८७३ च्या वार्निए कायद्याने सामाईक जमिनीची वाटणी करून ती विक्रीला खुली केली, आणि ती मोठ्या प्रमाणावर युरोपी हातांत गेली.

दरम्यान फ्रेंचांनी मोजणी सुरू केली होती. १८५६ च्या गणतीत मुस्लिम लोकसंख्या सुमारे २३ लाख भरली, १८६६ मध्ये सुमारे साडेसव्वीस लाख. त्यानंतर टोळधाड, दुष्काळ, पटकी आणि प्रलापक ज्वर एकामागून एक आले. १८६७-६८ च्या दुष्काळात माणसे गावे सोडून शहरांच्या वेशीवर मरून पडली. १८७१ मध्ये काबिलियात मुक्रानी या सरदाराचा उठाव झाला आणि तो चिरडला गेला. बंडखोर जमातींच्या जमिनी जप्त झाल्या. १८७२ च्या गणतीत मुस्लिमांचा आकडा सुमारे २१ लाखांवर उतरलेला होता.

आडनाव नसलेली माणसे

मोजायला माणूस ओळखता यावा लागतो आणि अल्जीरियातल्या बहुतेकांना आडनाव नव्हते. माणूस स्वतःचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जमात सांगे : अमुकचा मुलगा तमुक, अमक्या जमातीचा. जमिनीची खातेफोड, कर आणि न्यायालये यांना ही पद्धत गैरसोयीची वाटली. २३ मार्च १८८२ च्या कायद्याने प्रत्येक मुस्लिम कुटुंबाने कायमचे आडनाव घ्यावे असे ठरले.

या कामासाठी आयुक्त नोंदवह्या घेऊन दुआर-दुआर फिरले. कुटुंबप्रमुखाला बोलावून त्याचा वंशवृक्ष लिहून घेत. त्याने आडनाव सुचवले तर ते नोंदत, सुचवले नाही तर स्वतःच देत. अरबी आणि बर्बर उच्चार फ्रेंच लिपीत कसे लिहायचे हे ज्याच्या-त्याच्या कानावर अवलंबून राहिले. काबिलियात काही ठिकाणी कारकुनांनी सोपा मार्ग काढला : एका गावाला एक अक्षर. त्या गावातल्या सगळ्या आडनावांची सुरुवात त्या अक्षरापासून, शेजारच्या गावाची पुढच्या अक्षरापासून. आडनाव ऐकले की गाव कळावे, हा त्यातला हिशोब. वेगवेगळ्या नोंदवहीत गेलेल्या दोन चुलतभावांची आडनावे कायमची वेगळी झाली. ज्यांना आडनाव मिळालेच नाही त्यांच्या कागदावर ‘सां नों पात्रोनिमिक’, म्हणजे ‘आडनाव नाही’, असे लिहिले जाई. या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे ‘एस.एन.पी.’ पुढे कित्येक घराण्यांच्या ओळखपत्रांवर आडनावासारखीच चिकटून राहिली.

सहाराची वेगळी व्यवस्था लागली. फ्रेंच फौजा १८९९ नंतर तुआत आणि इन सालाहच्या मरूद्यानांत आणि १९०२ मध्ये हग्गारपर्यंत पोचल्या. २४ डिसेंबर १९०२ च्या कायद्याने ‘दक्षिणी प्रदेश’ उत्तरेपासून वेगळे करण्यात आले. ऐन सेफ्रा, गर्दाया, तुग्गुर्त आणि ओआसिस या चार प्रदेशांना स्वतंत्र अंदाजपत्रक मिळाले आणि कारभार लष्कराच्या हाती राहिला. देशाचा सात-अष्टमांश भाग असा अर्ध्या शतकाहून अधिक काळ सैन्याच्या ताब्यात होता.

विसाव्या शतकात मुस्लिम लोकसंख्या वेगाने वाढू लागली. १९५४ च्या गणतीत मुस्लिम सुमारे ८४ लाख आणि युरोपी ९ लाख ८४ हजार होते. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला १२० सदस्यांची सभा दिली होती. तिच्यात युरोपीप्रधान मतदारसंघाला ६० जागा आणि मुस्लिम मतदारसंघाला ६० जागा. आकडे एका बाजूला आणि अधिकार दुसऱ्या बाजूला अशी ही स्थिती १ नोव्हेंबर १९५४ च्या उठावाला कारण झालेल्या गोष्टींपैकी एक होती.

दोन नकाशांची लढाई

१९५४ ते १९६२ या स्वातंत्र्ययुद्धात एकाच भूमीवर दोन कारभारी नकाशे चालत होते. राष्ट्रीय मुक्ती आघाडीने २० ऑगस्ट १९५६ ला काबिलियातल्या सुम्माम खोऱ्यात गुप्त अधिवेशन भरवले आणि देशाच्या सहा ‘विलायती’ केल्या : ऑरेस, उत्तर कॉन्स्टन्टाइन, काबिलिया, अल्जिअर्सचा परिसर, ओरान आणि सहारा. अल्जिअर्स शहराचा स्वायत्त विभाग वेगळा होता. विलायतीखाली मिंतका, नाहिया आणि कस्मा असे थर आणि प्रत्येक थरावर लष्करी, राजकीय, दळणवळणाचे व पुरवठ्याचे जबाबदार नेमलेले. मराठीत ‘विलायत’ म्हटले की समुद्रापलीकडचा साहेबाचा देश डोळ्यापुढे येतो. अल्जीरियात हाच शब्द साहेबाविरुद्ध लढणाऱ्यांच्या मुलखाचे नाव झाला.

फ्रेंचांनीही आपला नकाशा बदलायला घेतला. १९५५ मध्ये बोन, म्हणजे आजचे अन्नाबा, हे चौथे देपार्तमाँ झाले. १९५६ मध्ये उत्तरेत देपार्तमाँची संख्या बारावर नेली आणि मिश्र कम्यून रद्द केले. त्याच वर्षी सहारात एजेले आणि हासी मसऊद इथे खनिज तेल सापडले. १९५७ मध्ये दक्षिणी प्रदेश मोडून ओआसिस आणि साउरा ही दोन सहारी देपार्तमाँ झाली. युद्धाच्या धकाधकीत आणखी फेरबदल होत शेवटी एकूण संख्या पंधरावर स्थिरावली. कचेऱ्या लोकांच्या जवळ आणायच्या, हा युक्तिवाद होता. शंभर वर्षे लांब ठेवलेली कचेरी आता बंदुकीच्या सावलीत जवळ येत होती.

त्याच वेळी लष्कर माणसांना जागचे हलवत होते. गनिमांना अन्न आणि आसरा मिळू नये म्हणून डोंगराळ भाग ‘प्रतिबंधित’ ठरवले गेले आणि तिथल्या लोकांना तारांच्या कुंपणातल्या ‘एकत्रीकरण छावण्यां’त नेण्यात आले. अशा रीतीने वीस लाखांहून अधिक खेडूत आपल्या गावांतून उखडले गेले, म्हणजे ग्रामीण जनतेचा फार मोठा हिस्सा. समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए आणि अब्देलमालेक सयाद यांनी या छावण्यांत जाऊन अभ्यास केला. तो १९६४ मध्ये ‘ल देरासिनमाँ’ या नावाने पुस्तकरूपात आला. आखलेल्या सरळ रेघेतली घरे, अंगण नाही, शेत मैलोगणती दूर : शेतकऱ्याचा शेतीशी असलेला संबंधच तुटला. युद्ध संपल्यावर पुष्कळ लोक परत गेलेच नाहीत. कित्येक छावण्यांची पुढे कायमची गावे झाली आणि बाकीच्यांनी शहर गाठले.

स्वातंत्र्यानंतर

५ जुलै १९६२ ला, अल्जिअर्स पडल्याच्या बरोबर १३२ वर्षांनी, अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्या एका वर्षात बहुतेक सगळे युरोपी लोक देश सोडून गेले. त्यांच्याबरोबर कारकून, मोजणीदार, हिशोबनीसही गेले. सुमारे दीड हजार कम्यून चालवायला माणसेच उरली नाहीत. १९६३ मध्ये विलीनीकरण करून ती सातशेच्या आत आणली गेली. पंधरा देपार्तमाँ तशीच ठेवली, त्यांची फ्रेंच नावे मात्र बदलली. १९६६ च्या पहिल्या स्वतंत्र जनगणनेत देशात सुमारे १ कोटी २० लाख लोक होते, त्यांतले तीनांत एकाहूनही कमी शहरात.

१९६७ मध्ये बलदिया संहिता आणि १९६९ मध्ये विलायत संहिता आली. देपार्तमाँऐवजी ‘विलायत’ हा युद्धातला शब्द आता सरकारी झाला. उतरंड तीन थरांची ठरली आणि ती मोठ्या बदलाशिवाय टिकून आहे. विलायतीवर राष्ट्राध्यक्षाने नेमलेला ‘वाली’ आणि त्याच्याबरोबर निवडलेली सभा. तिच्या खाली ‘दायरा’; त्याचा प्रमुख नेमलेला, निवडलेली सभा नाही. सर्वांत खाली ‘बलदिया’, म्हणजे कम्यून. तिची सभा निवडलेली आणि सभेचा अध्यक्ष हाच महापौर. जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी बलदियात होतात. निवडलेला महापौर खाली आणि नेमलेला वाली वर, हा फ्रेंच प्रीफेक्टच्या परंपरेचा वारसा स्वतंत्र अल्जीरियाने ठेवला.

२ जुलै १९७४ च्या हुकुमाने पंधरा विलायतींच्या एकतीस झाल्या आणि प्रत्येकीला क्रमांक मिळाला. हे क्रमांक अरबी वर्णमालेच्या क्रमाने दिले गेले. म्हणून अलिफने सुरू होणारे वाळवंटी अदरार ०१, आणि राजधानी अल-जझाइर ‘जीम’च्या रांगेत १६ वर; ओरानचे अरबी नाव ‘वहरान’, ‘वाव’ अक्षरामुळे शेवटचे ३१. यातला ०२ हा क्रमांक एक कोडे वाटतो, कारण तो शलेफ शहराच्या विलायतीचा आहे आणि शलेफ ‘शीन’ने सुरू होते. खुलासा शहराच्या नावांत आहे. फ्रेंचांनी १८४३ मध्ये वसवलेले ओर्लेआँव्हिल स्वातंत्र्यानंतर ‘अल-अस्नाम’ झाले आणि १९७४ मध्ये त्या नावाने दुसरे आले. १० ऑक्टोबर १९८० ला भयंकर भूकंपाने शहर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर जुने नाव टाकून शलेफ हे नाव दिले. नाव गेले, क्रमांक राहिला.

हे क्रमांक रोजच्या वापरात आहेत. टपालाचा सांकेतिक क्रमांक त्यांनीच सुरू होतो. गाडीच्या पाटीवर तीन गट असतात : अनुक्रमांक, मग तीन आकडी गट आणि शेवटी विलायतीचे दोन अंक. मधल्या गटाचा पहिला अंक वाहनाचा प्रकार सांगतो, पुढचे दोन गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्याचे वर्ष. मध्ये ११८ आणि शेवटी १६ असेल तर ती २०१८ ची, अल्जिअर्समध्ये नोंदलेली खासगी मोटार. रस्त्यात कुठेही गाडी दिसली की माणूस कोणत्या विलायतीचा हे लांबून कळते.

वाढती माणसे, वाढत्या विलायती

१९७७ मध्ये लोकसंख्या सुमारे १ कोटी ७० लाख आणि १९८७ मध्ये २ कोटी ३० लाखांवर गेली. १९७० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी जवळपास आठ मुले होत. विकास झाला की जन्मदर आपोआप उतरेल, अशी सरकारची त्या काळातली भूमिका होती. १९८३ मध्ये ती बदलून कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ४ फेब्रुवारी १९८४ च्या कायद्याने विलायती ४८ आणि बलदिया १५४१ झाल्या. बलदियांचा हा आकडा स्वातंत्र्याच्या वेळच्या आकड्याजवळ परत आला.

या वाढीव जाळ्याची कसोटी जून १९९० च्या स्थानिक निवडणुकीत लागली. स्वातंत्र्यानंतरची ही पहिली बहुपक्षीय निवडणूक. इस्लामी मुक्ती आघाडी या पक्षाने निम्म्याहून अधिक बलदिया आणि ४८ पैकी ३२ विलायतींच्या सभा जिंकल्या. १९९२ च्या सुरुवातीला संसदेची निवडणूक रद्द झाली, आघाडीवर बंदी आली आणि निवडलेल्या सभांच्या जागी नेमलेली मंडळे बसवली गेली. पुढच्या हिंसाचाराच्या दशकात डोंगराळ वस्त्यांतली माणसे मोठ्या संख्येने शहरांच्या कडेला आली. १९९७ मध्ये पुन्हा स्थानिक निवडणुका झाल्या.

कारभारी घटकांखाली जुने घटक जिवंत असल्याचे २००१ मध्ये काबिलियात दिसले. एप्रिलमध्ये पोलिसांच्या ताब्यात एका तरुणाचा जीव गेल्यावर आंदोलन भडकले. त्याचे नेतृत्व पक्षांकडे राहिले नाही. ते ‘अर्श’ या जुन्या संस्थेच्या नावाने उभे राहिले. तिझी उझू विलायतीतल्या संघटनेचे नाव ‘अर्श, दायरा आणि कम्यून यांची समन्वय समिती’ असे होते. जमातीचा शब्द, स्वतंत्र सरकारचा शब्द आणि फ्रेंचांचा शब्द एकाच पाटीवर बसले. ११ जूनला एल क्सर गावी मागण्यांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यातली तमाझिग्त या बर्बर भाषेची मागणी टप्प्याटप्प्याने मान्य झाली : २००२ मध्ये राष्ट्रीय भाषा, २०१६ मध्ये राजभाषा.

याच काळात माणसांचे गणितही पालटले. १९६६ मध्ये स्त्रियांचे लग्नाचे सरासरी वय १८ च्या आसपास होते, २००८ पर्यंत ते २९ वर गेले. शिक्षण, घरांची टंचाई आणि कुटुंबनियोजन यांमुळे २००० च्या सुमारास जननदर अडीचच्या खाली आला. नंतर तो थोडा वर चढला. २००८ च्या जनगणनेत ३ कोटी ४० लाख ८० हजार लोक मोजले गेले आणि तीनांत दोघे शहरांत राहत होते. १९६६ चे प्रमाण बरोबर उलटे झाले.

वाळवंटातल्या नव्या रेषा

उत्तरेत विलायती लहान होत गेल्या तरी दक्षिणेत त्या देशाएवढ्या राहिल्या. तमनरासेत विलायतीचे क्षेत्रफळ साडेपाच लाख चौरस किलोमीटर होते, म्हणजे फ्रान्सच्या युरोपातल्या भूमीएवढे. २००८ मध्ये तिथे सुमारे पावणेदोन लाख माणसे होती. इन सालाहच्या माणसाला विलायतीच्या कचेरीतले काम करायला साडेसहाशे किलोमीटर वाळवंट ओलांडून तमनरासेतला जावे लागे. २०१५ च्या सुरुवातीला इन सालाहमध्ये शेल वायूच्या विहिरींविरुद्ध मोठे आंदोलन झाले. भूगर्भातले पाणी बिघडेल ही लोकांची भीती होती. त्याच वर्षी दक्षिणेत दहा ‘प्रतिनियुक्त विलायती’ स्थापन झाल्या. मुख्य वालीच्या हाताखाली स्वतःचा वाली असलेली ही मधली पायरी होती.

२०१९ मध्ये ‘हिराक’ या जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्ष बूतफ्लिका यांना पद सोडायला लावले. नव्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक १२ डिसेंबरला होती. तिच्या आदल्या दिवशी, ११ डिसेंबरच्या कायद्याने, या दहांना पूर्ण विलायतीचा दर्जा मिळाला आणि संख्या ५८ झाली. तिमिमून ४९, बोर्ज बाजी मोख्तार ५०, मग उलेद जलाल, बेनी अब्बास, इन सालाह, इन गुएझाम, तुग्गुर्त, जानेत, अल-मघैर आणि शेवटी अल-मनिया ५८. १९०२ चा ‘तुग्गुर्त’ प्रदेश असा शंभर वर्षांनंतर मुलकी विलायत म्हणून नकाशावर परतला.

बेलिक तीन होते आणि सहारा त्यांच्या पलीकडे राहिला. फ्रेंचांनी तो लष्कराच्या हाती दिला. १९५७ मध्ये तो देपार्तमाँच्या सामान्य कारभारात आला आणि २०१९ ला त्याचे आणखी तुकडे झाले. २०२२ मध्ये देशाची सहावी जनगणना झाली. वाळवंटातल्या या नव्या विलायतींची स्वतंत्र विलायत म्हणून गणती होण्याची ती पहिली वेळ.